सुपारीची नवी पेटी आणि न चाटलेली वाटी

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सुपारीला नव्या पेटीत हलवले आणि त्यानंतर सलग सोळा दिवस तिने खाण्याच्या वाटीला तोंड लावले नाही. सुपारी ही आमची क्रेस्टेड गेको, म्हणजे झाडावर राहणाऱ्या पालीची एक पाळीव जात. तेव्हा तिचे वय साधारण तीन वर्षे होते, वजन ४१.२ ग्रॅम होते, रंग भाजक्या सुपारीसारखा आणि अंगावर काळे ठिपके. तिच्याशिवाय आमच्याकडे बुंदी नावाचा एक नर आहे आणि तो स्वतंत्र पेटीत राहतो. दोघेही पाळीव जोडप्यांपासून पैदास झालेले आहेत. सासूबाई या दोघांकडे पाहून अजूनही म्हणतात, "अगं, ट्यूबलाइटमागे फुकट मिळते ती पाल तू पैसे मोजून आणलीस!" त्यांच्या म्हणण्यातला एक भाग पुढे वेगळ्याच अर्थाने उपयोगी पडला, त्याबद्दल ओघाने येईलच.

पेटी बदलण्याचे कारण साधे होते. जुनी पेटी ३० सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद आणि ४५ सेंटीमीटर उंच होती, आणि पूर्ण वाढ झालेल्या, झाडावर राहणाऱ्या गेकोला ती अपुरी पडते. म्हणून मत्स्यालये बनवणाऱ्या आमच्या ओळखीच्या कारागिराकडून ४५ बाय ४५ बाय ६० सेंटीमीटरची, समोरून उघडणारी आणि वर जाळी असलेली पेटी करून घेतली. मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात एवढी पेटी शयनगृहातल्या जुन्या टेबलावर मावणे शक्य नव्हते, तेव्हा ती दिवाणखान्यात आली. जुन्या फांद्या कळकट दिसत होत्या म्हणून टाकून दिल्या आणि नव्या वेली आणल्या. त्याच सुमारास पाण्यात कालवून द्यायच्या तयार खाद्य-भुकटीचे जुने पाकीट संपले होते, म्हणून दुसऱ्या स्वादाचे उघडले. थोडक्यात, एकाच संध्याकाळी मी तिचे घर, खोली, झाडे आणि जेवण अशा चारही गोष्टी बदलल्या. पुढे काय बिघडले हे शोधायची वेळ आली तेव्हा या चारांपैकी दोषी कोण हे सांगता येईना, कारण मी कोणतीच गोष्ट जागेवर ठेवली नव्हती.

पहिले दोन-तीन दिवस मला काळजी वाटली नाही. जागा बदलल्यावर गेको काही दिवस खात नाही, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. क्रेस्टेड गेको निशाचर आहे. तो दिवसभर पानांच्या आडोशाला निजतो आणि अंधार पडल्यावर ओळखीच्या वाटेने खाली-वर फिरतो. त्याची ही ओळख बरीचशी वासाची आणि चवीची असते, म्हणूनच नव्या जागी तो प्रत्येक फांदी, प्रत्येक काच जिभेने चाचपून पाहतो. ज्या पेटीत तिचा स्वतःचा वास कुठेच नाही, जिथे पाणी कुठे साचते आणि वाटी कुठे आहे हे ठाऊक नाही, आणि चारही बाजूंनी उघडी काच आहे, तिथे तिच्या दृष्टीने पहिले काम जेवण्याचे नसते, लपण्याचे असते. हे मला वाचून माहीत होते. तरी पाचव्या दिवशी वाटीतले खाद्य जसेच्या तसे वाळलेले पाहिले, तेव्हा ते सगळे ज्ञान बाजूला पडले आणि मी नको ते उद्योग सुरू केले.

त्यातला पहिला उद्योग म्हणजे रात्री दर तासाला विजेरी घेऊन पाहणे. दुसरा म्हणजे तिला हातावर घेऊन वाटीजवळ तोंड नेणे. या प्राण्याला पापण्या नसतात, तो डोळे जिभेने पुसतो. त्यामुळे ओठाला खाद्याचा थेंब लागला की तो चाटून टाकतो आणि आपल्याला वाटते, खाल्ले बरे! प्रत्यक्षात तो तोंड स्वच्छ करत असतो. शिवाय नव्या जागेने बिथरलेल्या गेकोला वारंवार पकडणे धोक्याचे आहे. क्रेस्टेड गेको घाबरला तर शेपूट टाकतो आणि आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी त्याला ती पुन्हा येत नाही. सुपारीची शेपूट शाबूत राहिली, यात माझे कर्तृत्व काही नाही.

तिसरा उद्योग हापूसचा. मे महिना तोंडावर होता, घरात आंब्यांची पेटी आलेली होती, आणि शेजारच्या काकूंनी सुचवले की आंब्याचा रस कोणाला आवडणार नाही. मी खाद्यावर चार थेंब रस टाकला. सकाळी पाहते तो रसाचे थेंब पडलेली जागा चाटलेली आणि बाकीचे खाद्य जसेच्या तसे. मला आनंद झाला. दुसऱ्या रात्री पुन्हा रस, पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री नुसते खाद्य ठेवले तर त्याला स्पर्शही नाही. हे मी खाण्यात धरत नाही, म्हणूनच वर सोळा दिवस म्हटले. फळाचे आमिष वाईटच असते असे नाही, परंतु नुसत्या फळावर हा प्राणी जगू शकत नाही. त्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावे लागते आणि बहुतेक फळांत प्रमाण नेमके उलटे असते. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात कॅल्शियम सुमारे ५ मिलिग्रॅम तर फॉस्फरस सुमारे २२ मिलिग्रॅम असते. असा आहार महिनोन्महिने चालला तर हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो, चढताना पाय थरथरतात. तयार भुकटीत हे प्रमाण आणि ड जीवनसत्त्व सांभाळलेले असते, म्हणून आमिष दाखवून भुकटीची सवय मोडणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

खरा उलगडा अकराव्या रात्री झाला. दिवे मालवून मी दिवाणखान्यात बसले होते. बाहेरच्या व्हरांड्यातल्या दिव्याभोवती एक साधी घरपाल किडे टिपत होती, एकामागून एक, अगदी निवांत. तिच्यापासून आठ फुटांवर काचेच्या पेटीत आमची पैसे मोजून आणलेली पाल तळाशी, ओल्या मातीला पोट टेकवून पडली होती. झाडावर राहणारा प्राणी तळाशी कशाला उतरेल? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि यावेळी ती पाल खरोखरच समोर होती. उष्णतामापक मी जुन्या पेटीतच विसरले होते. तो आणून लावला तर रात्री साडेदहा वाजता पेटीच्या वरच्या भागात ३०.५ अंश सेल्सिअस आणि तळाशी २९ अंश.

क्रेस्टेड गेकोला २२ ते २६ अंश मानवते. २८ च्या वर तापमान फार काळ राहिले तर तो खाणे टाकतो, आणि त्याहून वर प्रकरण जिवावर बेतू शकते. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा प्राणी. शास्त्रज्ञांनी १८६६ साली त्याचे वर्णन केले, पुढे तो नामशेष झाला असे मानले गेले आणि १९९४ साली तो पुन्हा सापडला. आज जगभर पाळले जाणारे सगळे क्रेस्टेड गेको त्यानंतरच्या पैदाशीतले आहेत. सरपटणारा प्राणी म्हणजे दिवा लावून ऊब द्यायची, हा आपला समज बिबट्या गेकोच्या (लेपर्ड गेको, पाळली जाणारी दुसरी जात) बाबतीत बरोबर आहे, कारण त्याला पेटीची एक बाजू ३१-३२ अंशांची लागते आणि ती नसेल तर खाल्लेले पचत नाही. क्रेस्टेडला मात्र मुंबईचा उन्हाळा हाच शत्रू आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दिवसा पारा ३३-३४ वर असतो आणि पहाटेसुद्धा साधारण २४ ते २७ च्या दरम्यान राहतो. जुनी पेटी शयनगृहात होती, तिथे रात्री आमच्यासाठी वातानुकूलन चालत असे आणि सुपारीला त्याचा लाभ आपोआप मिळत असे. नवी पेटी दिवाणखान्यात, पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवून मी तिला वाळवंटात सोडले होते. दहा दिवस मी खाद्याचा स्वाद, वाटीचा रंग, आमिष यांचा विचार करत होते आणि तापमापक लावण्याचे मात्र सुचले नव्हते. पेटी बदलल्यावर गेको खात नसेल तर वाटीकडे पाहण्याआधी पेटीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतले तापमान दुपारी आणि मध्यरात्री मोजावे, एवढे एकच काम पहिल्या दिवशी केले असते तर पुढचे रामायण घडले नसते.

बाराव्या दिवशी आम्ही शयनगृहातले टेबल काढून तिथे लोखंडी घडवंची आणली आणि पेटी तिच्यावर ठेवली. रात्री वातानुकूलन २५ वर असे. दुपारी ते सतत चालवणे खिशाला परवडणारे नव्हते, म्हणून गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून वरच्या जाळीवर ठेवत असे. त्याने आतला वरचा थर दोनेक अंशांनी उतरतो. वातानुकूलित हवा कोरडी असल्यामुळे संध्याकाळची फवारणी अधिक काळजीने करावी लागली: फवारल्यावर आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती ५०-५५ वर उतरू द्यायची, म्हणजे पाने वाळतात आणि बुरशी धरत नाही. खाणे बंद असले तरी पानांवरचे थेंब चाटणे चालू आहे ना, हे मी पाहत असे. उपाशी राहण्यापेक्षा पाणी न मिळणे या प्राण्याला लवकर खाली आणते.

मग मोर्चा पेटीच्या आतील मांडणीकडे वळवला. नवी पेटी जुनीच्या तिप्पट आकारमानाची होती आणि मी तिच्यात जुन्या पेटीइतकेच सामान घातले होते, म्हणजे तिच्या दृष्टीने ते एक ओसाड मैदान होते. पाळणारे अनेकजण सांगतात की मोठ्या पेटीत गेको खात नाही. माझ्या मते ते अर्धवट आहे. तो रिकाम्या पेटीत खात नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या मनी प्लांटच्या लांब वेली धुऊन, त्यांवर कधी औषध मारलेले नाही याची खात्री करून, आत सोडल्या. बांबूचे तुकडे आडवे-तिरपे लावले, सालीचे दोन पोकळ तुकडे उभे केले आणि तीन बाजूंच्या काचांना बाहेरून खाकी कागद चिकटवला. जुन्या फांद्या टाकून दिल्याचे आता वाईट वाटत होते, पण जुन्या पेटीतली वाटी ठेवायची लाकडी फळी माळ्यावर सापडली. ती न धुता, जुन्या पेटीत होती तितक्याच उंचीवर बसवली. खाद्याचा जुना स्वादही पुन्हा मागवला. तळाची माती काढून तिथे कागदी रुमाल अंथरले. ते दिसायला वाईट दिसतात, पण त्यांवर विष्ठा लगेच दिसते, आणि खात नसलेल्या गेकोच्या बाबतीत विष्ठेइतका खरा साक्षीदार दुसरा नाही.

वाटीची साक्ष मात्र खोटी असते, हे मी या काळात शिकले. मोठा क्रेस्टेड गेको एका रात्रीत जेमतेम अर्धा चमचा खातो. भुकटी पाण्यात कालवून सॉससारखी दाट केली तरी रात्रभरात तिच्यातले पाणी उडते, ती आक्रसते, कडेला भेगा पडतात आणि काहीतरी कमी झाल्यासारखे वाटते. यावर मी एक उपाय केला. एकसारख्या दोन वाट्यांत प्रत्येकी सहा ग्रॅम खाद्य घेतले, दोन्ही पेटीतच शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकीवर चहाची जुनी गाळणी उपडी घालून बांधली, म्हणजे तिला सुपारीची जीभ पोहोचू नये. सकाळी दोन्ही वाट्या दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर मोजायच्या. झाकलेल्या वाटीत जेवढी घट, तेवढे उडालेले पाणी. उघड्या वाटीत त्याहून जास्त घट झाली तर तेवढे तिच्या पोटात. हा हिशेब काटेकोर नाही, गाळणीखाली हवा थोडी कमी खेळते हेही खरे, पण 'खाल्ले असावे' आणि 'खाल्ले' यांतला फरक त्याने कळतो. ती गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही असा वटहुकूम सासूबाईंनी त्याच दिवशी काढला.

मुंग्यांचा उपद्रव सांगितल्याशिवाय मुंबईतल्या गेकोची हकिगत पुरी होत नाही. फळांचा वास असलेले ओले खाद्य रात्रभर उघडे राहिले की पहाटेपर्यंत मुंग्यांची रांग लागते, आणि त्या खाद्य खाऊन थांबत नाहीत, झोपलेल्या गेकोलाही चावतात. मुंग्यांचा खडू किंवा फवारा त्या खोलीत वापरणे अर्थातच वर्ज्य. दुधाचे पातेले पाण्याच्या परातीत ठेवण्याची आपली जुनी पद्धत इथे कामी आली. घडवंचीच्या चार पायांखाली चार वाट्या पाणी. दर दोन दिवसांनी ते पाणी बदलावे, नाहीतर डास.

वजन मी आठवड्यातून एकदाच करत असे, तेही हातात न घेता, छोट्या झाकणाच्या डब्यात तिला अलगद चढू देऊन. सातव्या दिवशी ३९.८ ग्रॅम, चौदाव्या दिवशी ३८.६. मूळ वजनाच्या दहा टक्के घट, म्हणजे ३७.१ ग्रॅम, ही रेघ मी वहीत आखून ठेवली होती. काटा त्या रेघेला लागला की कोणतीही चर्चा न करता डॉक्टर. पण रेघेची वाट पाहत बसणे मला जमले नाही. तेराव्या दिवशी कागदावर एक जुनी, वाळलेली विष्ठा मिळाली, ती डबीत घालून विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्यांकडे दिली. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी आढळले नाहीत. अर्थात वाळलेल्या नमुन्यावर फार भिस्त ठेवता येत नाही, ताजी मिळाली की पुन्हा आणा, असे त्यांनी सांगितले. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली, ती इथे नोंदवते: सिरिंजने बळेच भरवण्याचा उद्योग घरी करू नये. खाद्य श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते, आणि ताणाने खाणे टाकलेल्या प्राण्याला त्या झटापटीने आणखी ताण येतो. डोळे खोल गेले, कातडीला सुरकुत्या पडल्या, कमरेची हाडे वर आली, विष्ठा पातळ आणि दुर्गंधीयुक्त झाली किंवा तोंड उघडे राहू लागले तर मात्र दहा टक्क्यांचा हिशेब न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पिल्लांच्या बाबतीत तर आठवडाभरही थांबू नये. अंड्यातून बाहेर पडताना त्यांचे वजन जेमतेम दीड-दोन ग्रॅम असते, त्यांच्यापाशी साठा असतोच किती? बिबट्या गेकोच्या जाड शेपटीत चरबी साठलेली असते, त्यामुळे त्याचा मोठा नर दोन-तीन आठवडे न खाता सुखरूप राहू शकतो. क्रेस्टेडच्या शेपटीत तशी पुंजी नसते.

शयनगृहात आल्यावर पहिल्या चार रात्री काहीच घडले नाही. या चार रात्री मी पेटीचे दार फक्त फवारणीसाठी आणि वाटी बदलण्यासाठी उघडले, तेही रोज एकाच वेळी, दिवे मालवण्याआधी दहा मिनिटे. विजेरी लेकीने कपाटात कुलूपबंद केली होती. सतराव्या दिवशी सकाळी झाकलेली वाटी ५.१ ग्रॅम भरली आणि उघडी ४.६. मी दोनदा मोजले. उघड्या वाटीच्या कडेला जिभेचे अरुंद ओरखडे होते, अगदी लहान मुलाने बोटाने श्रीखंड पुसावे तसे. अठराव्या रात्री फरक आणखी वाढला आणि विसाव्या दिवशी कागदावर पांढऱ्या टोकाची काळसर, ताजी विष्ठा दिसली. ती पाहून आपण इतके खूश होऊ असे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते. डॉक्टरांनी त्या नमुन्यातही काही आढळले नसल्याचे कळवले.

किडे मी मुद्दाम उशिरा दिले. बरेचजण खाणे बंद झाले की पहिल्याच दिवशी पेटीत पाच-सहा रातकिडे सोडतात, कारण हलणारे भक्ष्य पाहून गेकोची भूक चाळवते. चाळवतेही. पण जो गेको लपून बसला आहे तो ते पकडत नाही, आणि मोकळे सुटलेले उपाशी रातकिडे रात्री त्याचीच बोटे आणि पापणीसारखे दिसणारे डोळ्यांवरचे काटे कुरतडतात. भुकटी सुरू झाल्यावर, तेविसाव्या रात्री, कॅल्शियमची पूड लावलेला एकच रातकिडा लांब चिमट्याने तिच्यासमोर धरला. डोळ्यांतील अंतरापेक्षा तो मोठा नसावा एवढा नियम पाळला होता. तिने मान तिरकी केली, बराच वेळ पाहिले आणि झडप घातली. त्यानंतर दहा दिवसांनी तिने कात टाकली. त्याआधी दोन दिवस रंग फिका पडून खाणे पुन्हा थांबले होते, पण ते कातीचे थांबणे आहे हे ओळखता आल्यामुळे यावेळी घरात शांतता होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वजन ४१.० ग्रॅम झाले.

बुंदीची पेटी बदलण्यासाठी आम्ही नोव्हेंबरपर्यंत थांबलो. त्याच्या जुन्या फांद्या, वाटीची फळी आणि मूठभर जुनी माती तशीच नव्या पेटीत गेली, खाद्य तेच राहिले, खोली तीच राहिली, आणि हलवल्यानंतर दोन आठवडे त्याला कोणी हात लावला नाही. त्याने दुसऱ्याच रात्री वाटी चाटली. हे सगळे माझ्या तयारीचे फळ आहे असे म्हणायला मला आवडले असते, परंतु बुंदी मुळातच अधाशी आहे; जुन्या पेटीची काच पुसत असताना तो फडक्यालाही जीभ लावत असे.

आता पुन्हा मार्च सरत आला आहे. घडवंचीवर दोन मोठ्या पेट्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, दोन्हींत वर आणि खाली मिळून चार तापमापक आहेत, आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या चार बाटल्यांनी जागा अडवल्यामुळे कुल्फीचे साचे ठेवायचे कुठे, हा प्रश्न सासूबाईंनी काल दुसऱ्यांदा विचारला.